बाळ बघायला आलेली माणसं

काव्याच्या डाव्या छातीत तिसऱ्यांदा गाठ झाली, तोवर भवानी पेठेतल्या तिच्या सासरी सगळ्यांना कारण समजलेलं होतं. सासूबाई दाक्षायणीबाईंच्या मते दृष्ट. शेजारणीच्या मते गारठा. नवरा गुरुशांत चिंचोळीच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचा. त्याच्या मते सरळ डब्यातली पावडर सुरू करावी, उगाच जुन्या मशीनशी झटापट नको. हे बोलल्यापासून तो आपलं ताट आपणच वाढून घेत होता.

दुखणं मात्र काव्याचं एकटीचं. हुडहुडी भरून ताप, छाती दगडासारखी, आणि तान्ह्या आरोहीनं तोंड लावलं की डोळ्यांपुढे काजवे. गोळ्यांनी उतरायचं, पुन्हा यायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळ्या पूर्ण संपवा, पाजणं सोडू नका. आणि बाळ आपणहून सोडेपर्यंत त्याला ओढून काढू नका. दूध साचलं की गाठ आलीच."

घरात ठरलं, आता ताप आला की डबा. काव्यानं ठरवलं, डबा येणार नाही. मग दूध साचतं कशानं, हे ती शोधायला लागली आणि दुसऱ्याच दिवशी तिला ते सापडलं. कारण दारातून येत होतं.

ती माहेराहून आल्यापासून अर्धं सोलापूर बाळ बघून गेलं होतं. खुळखुळे इतके साठले की दुकान थाटता आलं असतं. नळाचं पाणी वेळ चुकवील, पाहुणे आरोहीची भूक चुकवत नसत. पाजताना बाई दिसली की दृष्ट लागते, म्हणून पायरी वाजली की दाक्षायणीबाई ओरडायच्या, "आले गं!" की बाळ काढा, पदर सारखा करा, पाया पडा, चहा टाका. सुरुवात नेहमी डावीकडून, म्हणून अर्धवट राहायची तीही डावीच.

सोमवारी तिथंच पुन्हा ठणका लागला. काव्या आरोहीला घेऊन खाटेवर बसली, तेवढ्यात पायरी वाजली.

"अय्यो, दोडव्वा यायलेत!" दाक्षायणीबाई ओरडल्या.

दोडव्वा म्हणजे गुरुशांतची थोरली चुलती राजाबाई, अक्कलकोटची. एका लग्नात चहा उशिरा मिळाला, तेव्हापासून त्या लग्नघराची वाट तिनं धरली नव्हती.

"काव्या, ऊठ. पोरीला काढ."

"नाही अव्वा. बाजू रिकामी व्हायचीय."

"दृष्ट लागंल की!"

"दृष्टीला घरात मिरच्या आहेत. गाठ पिकली तर डॉक्टर सुरी घेतील."

तिनं खांद्यावरून चादर ओढली. राजाबाई आत आली, थबकली.

"ही उठंना का गं, दाक्षायणी?"

"बसा दोडव्वा," काव्या म्हणाली. "पाया नंतर पडते. आरोही जेवायलीय."

"माझ्यापेक्षा मोठं काय की जेवण!"

"तुमच्यापेक्षा मोठं काहीच नाही. पण ताटावरून माणूस उठवू नये, हे या घरात कुणी शिकवलं?"

राजाबाईनंच शिकवलं होतं. एका पंगतीत फोटोवाल्यानं नवरदेवाला भातावरून उठवला, तर तिनं फोटोवाल्यालाच बाहेर काढला होता. खुर्ची पुढे ओढून राजाबाई बसली. मागे सरकली असती तर हार झाली असती.

चहा आला, संपला. काव्या चादरीखाली बोटांनी गाठ हळूहळू पुढे सारत होती. कपाळावर घाम, ओठ दातांत.

"लई दुखतंय?" राजाबाईनं खालच्या आवाजात विचारलं.

"लई."

"मग सोड की थोडा वेळ."

"सोडलं तर परत दुखंल."

पायरी पुन्हा वाजली. दाक्षायणीबाईंनी सवयीनं तोंड उघडलं; पण राजाबाईच आधी उठली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"कोण ते? बसा तितंच, पायरीवर. आमची पोरगी जेवायलीय."

गाठ गेली नव्हती. बोटाखाली जराशी मऊ लागत होती, इतकंच. काव्यानं आरोहीला तसंच धरून ठेवलं.