रेवाची मेंदी

रनाळ्याच्या चेतनाचं कसंय माहितीये का, तिच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली ना, की ती जेवताना तेच बोलते, शेतात तेच बोलते, आणि झोपेत कूस बदलली तरी तेच. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात कारवान शिरलं. कारवान म्हणजे आपल्याकडचंच शिकारी कुत्रं. लांब तोंड, चिमटीत मावेल अशी कंबर, आणि पळायला लागलं की कुत्रं दिसतच नाही, नुसती रेघ दिसते. चेतनाने घरात भांडभांड भांडून एक पिल्लू आणलं. मादी, बिस्किटी रंगाची, सोबत तीन पिढ्यांच्या नावांचा कागद, आणि मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. नाव ठेवलं रेवा.

आता गावाला काय वाटलं? वाटलं, मादी आहे, माजावर येईल, पिल्लं होतील, वाटून टाकू. रेवा वर्षाची होत नाही तोवर अर्ध्या आळीने पिल्लं सांगूनही ठेवली होती. चेतनाचंही खरं तर तेच होतं, फक्त तिला पिल्लं हवी होती सरदारची.

सरदार म्हणजे पुरुषोत्तमनगरच्या राजेंद्र आप्पांचा नर. आप्पा साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेले, पंधरा वर्षं कारवान पाळतात, आणि बोलतात असे की समोर परीक्षानळी धरली आहे. चेतना पहिल्यांदा गेली तेव्हा आप्पांनी चहा दिला, बिस्कीट दिलं आणि सरदार काही दिला नाही. म्हणाले, मादी दोन वर्षांची होऊ दे. ती झाली. म्हणाले, रक्त तपास, हृदय तपास, डोळे तपास. चेतना रेवाला घेऊन नाशिकला जाऊन आली, रिपोर्ट छातीशी धरून. म्हणाले, पिल्लं कोणाकडे जाणार त्या घरांची नावं आधी लिही, आणि एखाद्याला नाही जमलं तर पिल्लू परत तुझ्याकडेच येईल असं त्यांच्याकडून लिहून घे. ह्या एका अटीने अर्धी आळी गळाली. परत द्यायचं म्हणजे काय, पिल्लू आहे का पातेलं? पण पाच घरं उरली, आणि चेतना म्हणते ती पाच घरं म्हणजे सोनं.

मग शेवटची अट. आप्पा म्हणाले, "आपल्या डोळ्याला आपलं लेकरू देखणंच दिसतं. नाशिकला जानेवारीत डॉग शो आहे. जो परीक्षक तुला ओळखत नाही, मला ओळखत नाही, त्याच्यासमोर तिला उभी कर. तो काय म्हणतो ते ऐकून ये. मग सरदारचं बोलू."

रेवा फेब्रुवारीत माजावर येणार होती. म्हणजे सगळं त्या एका रिंगणावर आलं.

आणि आता ह्यात शिरले गिरधर काका. चेतनाच्या वडिलांचे थोरले भाऊ. काकांचं अख्खं आयुष्य घोड्यांत गेलं, सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा त्यांनी कळायला लागल्यापासून चुकवलेली नाही. आधी ते कुत्र्याला नाकं मुरडायचे. पण रिंगण, परीक्षक, चाल बघणार, दात बघणार असं ऐकलं आणि काकांचे डोळेच चमकले. म्हणाले, हा तर बजार शे.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी रेवाला हातात घेतलं. रोज सकाळी शेताकडच्या पांदीत, सैल दोरीवर, स्वतः धोतर खोचून बाजूने पळत. जिभेने टक टक करत तिला दुडकी चाल शिकवली, ना कमी ना जास्त, एका लयीत. उभं राहायचं तर असं, की माशी बसली तरी हलायचं नाही. चहाच्या टपरीवर धुडकू असतो, त्याने एक दिवस अगदी गंभीर तोंड करून विचारलं, "गिरधरभाऊ, घोडी धुवामा आटी गयी का?" सगळी टपरी हसून लोळली. काका पळता पळताच म्हणाले, "तुन्ही अक्कल आटेल शे, तिले कोठे धुयी?"

आणि दात. काका दिवसातून दहादा रेवाचं तोंड उघडायचे. चेतनाला ते सांगायचे, "पोरी, बजारमा पयले तोंड देखतस. जे जनावर तोंड देस नही, त्याले गिऱ्हाईक नही." महिन्याभरात असं झालं की कोणी वाकलं तरी रेवा आपणहून ओठ सैल सोडायची.

शोच्या दिवशी पहाटेच बोलेरोने निघाले. काका, चेतना आणि रेवा; आप्पा धुळ्याला लग्नाला गेलेले, ते वाटेत चढले. थंडी अशी की खिडकी उघडायची सोय नाही. रेवाच्या अंगावर काकांनी स्वतः शिवलेली लाल झूल होती, घोड्याची असते तशी, कडेला जर, आणि छातीवर बटणं. आदल्या संध्याकाळपासून ती काढायची नाही म्हणून काकांची सक्त ताकीद. पातळ केसांचं जनावर, गारठेल. चेतनाला ते पटलं होतं.

नाशिकच्या मैदानात चेतना बघतच राहिली. इतकी कुत्री आणि भुंकणं इतकं कमी. कोणी ड्रायर लावतंय, कोणी कंगवा फिरवतंय, एक बाई तर आपल्या कुत्र्याला हाताने केळं भरवत होती. गेटवर यंत्राने रेवाची चिप वाचली, पंधरा आकडे कागदाशी जुळले, आणि चेतनाच्या दंडाला नंबर बांधला. सत्तेचाळीस. तिने तिथल्या तिथे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

रिंगणाच्या दोरीपाशी नंबर पुकारला गेला तेव्हा चेतनाने झूल काढली. छातीवरून हात फिरवला. परत फिरवला. मग खाली बसून बघितलं.

रेवाच्या छातीवर एक पांढरा ठिपका होता. लहानपणापासूनचा, अंगठ्याखाली झाकला जाईल एवढा. तो नव्हता. तिथे छान बिस्किटी केस होते, आणि मेंदीचा वास.

तिने काकांकडे बघितलं. काका मिशीत हसत होते, जशी काही दिवाळीची भेट दिली. हळूच वाकून म्हणाले, "अंगठाखाल मावस तो ठिपका घर बुडावस. असा घोडाले तर कोनी हात लावत नही. मन्हा उस्ताद असाच झाकाडे. मेंदी शे, निंघाव नही. कोनले समजाव नही."

पुन्हा पुकारा झाला. सत्तेचाळीस.  शोच्या नियमांचं पत्रक चेतनाने इतक्यांदा वाचलं होतं की पाठ होतं. केसांना रंग लावलेला चालत नाही, साफ लिहिलेलं. पण मेंदी आता धुऊन जाणार नव्हती. परत फिरायचं तर परीक्षकाचं मत नाही, मत नाही तर सरदार नाही. आणि पलीकडे खुर्चीवर आप्पा चष्मा पुसून बसलेले.

पाय आपोआप आत गेले.

आणि रेवा काय पळाली म्हणून सांगू. चार माद्या होत्या. परीक्षक बंगळूरच्या बाई, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. एक मादी बुजली, एक मध्येच बसली, तिसरीने दात बघू दिले नाहीत, तिच्या मालकाला घाम फुटला. रेवासमोर बाई वाकल्या आणि रेवाने तोंड असं दिलं की बाईंना हसू आलं. मग फेरी. चेतनाला वाटलं आपण पळतच नाही आहोत, रेवाच आपल्याला ओढून नेतेय, जमिनीला पाय लागतच नाहीत. कडेचे लोक बोलायचे थांबले. काका दोरीला धरून जिभेने टक टक करत होते, चेतनाला ते एवढ्या गोंगाटातही ऐकू आलं.

बाईंनी दोन फेऱ्या बघितल्या, हनुवटीला हात लावला, आणि बोट केलं. सत्तेचाळीस, पुढे.

पहिला नंबर. टेबलावरची रिबन बाईंच्या हातात पण आली.

आणि चेतना बोलून गेली. हिंदीत बोलली, नीट जुळवूनही बोलली नाही. म्हणाली, "मॅडम, रुकिए. इसकी छाती पे सफेद था. मेंदी लगाई है."

बाईंचा हात तसाच थांबला. त्या गुडघ्यावर बसल्या, छातीवरचे केस उलटे करून मुळाशी बघितले, बोटाचा वास घेतला. विचारलं, कोणी लावली.  चेतनाने तोंड उघडलं होतं मीच म्हणायला. तेवढ्यात दोरीच्या बाहेरून काका हात जोडून म्हणाले, "मेंदी मी लाई, बाईसाहेब. इले काहीच माहीत नही. खोड व्हती, म्हणीसन झाकाडी."

बाईंना अहिराणी कशी कळणार, पण हात कळले. त्यांनी डोकं हलवलं आणि जे म्हणाल्या ते ऐकून काकांनी डोक्याला हातच लावला. म्हणाल्या, ह्या जातीत छातीवर थोडं पांढरं चालतं. त्याला कोणी दोष म्हणतच नाही. झाकायची गरजच नव्हती.

पण रंग तो रंग. बाईंनी रिबन खाली ठेवली, वहीत लिहिलं, आणि बक्षीस दुसऱ्या मादीला गेलं. रेवाला काहीच नाही. चेतना बाहेर आली, आणि गंमत म्हणजे तिला रडू येत नव्हतं. काका तिच्यासमोर मान खाली घालून. ती म्हणाली, "काका, घरी जाईसन भांडू. आते माले टाइम नही." कारण माद्यांचा वर्ग संपल्यावर बाई आपणहून तिच्याकडे येत होत्या.

पाच मिनिटं. चेतनाने हातातल्या पत्रकाच्या मागे लिहून घेतलं, अक्षर कोंबड्याच्या पायासारखं. पंजे उत्तम. पाठ उत्तम. चाल आज रिंगणात सगळ्यात सुंदर. आणि मग बाईंनी रेवाच्या खांद्यावर हात ठेवला, चेतनाचा हात धरून तिथे फिरवला आणि दाखवलं. खांदा थोडा उभा आहे. हाड तिरकं मागे जायला हवं तेवढं जात नाही. म्हणून पुढचा पाय हवा तितका लांब पडत नाही. पिल्लं घ्यायची असतील तर खांदा चांगला असलेला नरच शोध. दोन उभे खांदे एकत्र आणू नकोस.

चेतना कागद घेऊन आप्पांकडे पळाली. आप्पांनी पूर्ण वाचला. चष्मा काढला. म्हणाले, मी अट घातली होती मताची, रिबनची नाही. मत तू आणलंस. आणि ते तिथे बोललीस, त्यानंतर मला आणखी काही विचारायचं नाही. फेब्रुवारीत रेवाला घेऊन ये, सरदार तुझा.

दोन वर्षं जे ऐकायला ती तडफडत होती ते हे वाक्य. काका तर नाचायच्या बेतात. आणि चेतना आपला तळहात चोळत बसलेली. कारण तिच्या तळहाताला अजून तो खांदा लागत होता, आणि सरदारच्या अंगावरून तिने शंभरदा हात फिरवला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "सरदारचा खांदा पण उभाच शे ना?"

काकांनी डोळे मोठे केले, गप बैस म्हणून.  समोर कोणाची तरी मोठी केसाळ कुत्री गेली, ती पार दिसेनाशी होईपर्यंत आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आहे. मी बघत नव्हतो एवढंच."

आणि पुढे काय व्हावं, आप्पा खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली. म्हणाले, चल. सकाळी नरांच्या वर्गात एक आलेला, जतचा. त्याचा खांदा बघ, पुस्तकात काढतात तसा.

तिघं आणि रेवा मैदानभर शोधत फिरले. जतचा माणूस उमाकांत नाईक, पिकअपच्या सावलीत डबा खात होता. नर त्याच्या पायाशी. चेतनाने नमस्कारसुद्धा केला नाही, सरळ खाली बसली, हात लावू का एवढंच विचारलं आणि नराच्या खांद्यावर तळवा ठेवला. हाड मागे जात राहिलं, जात राहिलं. ती अशी काही हसली की उमाकांतने भाकरी खाली ठेवली.

त्याने ऐकून घेतलं सगळं, मेंदीसकट. मेंदीवर तो इतका हसला की ठसका लागला. पण मग म्हणाला, माझीही अट आहे. मादी मला एकदा बिनमेंदीची बघायची, रिंगणात. रिपोर्ट पाठव. आणि ती पाच घरं कोणती, त्यांच्याशी मी फोनवर बोलणार.

म्हणजे हा माज गेला. पुढचा म्हणजे सात-आठ महिने. काका कळवळले, "आठ महिना? घोडीबी इतली वाट देखत नही." चेतना म्हणाली थांबू, आणि पाच घरांना तिथूनच फोन लावायला लागली. पहिलं घर म्हणालं थांबतो. दुसरं म्हणालं, तोवर कुंपण तरी बांधून होईल.

परतीच्या वाटेवर गाडीत आप्पा पुढे, चेतना आणि काका मागे, मध्ये रेवा झोपलेली. काचेवर वाफ धरली होती. आप्पांनी त्यावर बोटाने एक तिरकी रेघ काढली, खाली दुसरी, म्हणाले, खांद्याला असा कोन हवा. चेतनाने आपल्या काचेवर रेवाचा काढला, शेजारी त्या जतच्या नराचा. काका म्हणाले चुकलं, आणि त्यांनी घोड्याचा काढला. धुळे येईपर्यंत तिघं भांडत होते, काचेला जागा उरली नव्हती, आणि ड्रायव्हर सांगून थकला की माले आरसा दिसी नही ऱ्हायना.