अहो, आकडा धरा!

आमचे हे मंगळवारी आंब्याच्या खोडात शिरले, ते अजून बाहेर आलेले नाहीत. भोक करंगळीएवढं. आत भिरुडाची अळी खोड पोखरत होती आणि तारेच्या आकड्याला काही केल्या लागत नव्हती. मग यांनी सदरा काढून माझ्याकडे दिला, "तार सोडत राहा," म्हणाले आणि गेले. मला तर अभिमानच वाटला. आमच्या वाडीत कुणाचा नवरा एवढा आत गेलाय?

तेव्हापासून मी तार सोडतेय. खोड माझ्या कवेत मावतं, पण तार सत्तर हात आत गेली. अळी खात पुढे, हे तिच्या मागे. आत भोक जेवढं वाढतं, तेवढं इकडे आमचं घर आखडतं. बुधवारी पडवी संपली, गुरुवारी माजघर. आज सकाळी चुलीपाशी तिरकी उभी राहून मी चहा केला.

दुपारी आतून आरोळी आली, "सापडली गं, सापडली! माझ्या दंडाएवढी आहे!"

मी उडीच मारली. "अहो, आकडा धरा! सोडू नका तिला!"

तेवढ्यात खोडाच्या डाव्या बाजूनं भुसा सांडला आणि तिथे दुसरं भोक पडलं. त्यातूनही तेच, "सापडली गं, सापडली!" आवाज यांचाच. खोकलाही यांचाच. आणि माझ्या हातातली तार एकदम सैल पडली.

शेजारची सुभद्रा कुंपण ओलांडून धावत आली. तिच्या माहेरी मोठी बाग, तिला झाडातलं सगळं कळतं. तिनं पहिल्या, उजवीकडच्या भोकाचा भुसा चिमटीत चुरडला. "ओला आहे. अळी जिवंत आहे, वहिनी." मग डावीकडचा पाहिला. तोही ओलाच.

"मग हे कुठे आहेत?"

"घाम माणसालाही येतो की!"

काम तसं सोपं होतं. ज्या भोकात अळी, तिथे रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपायचा. ज्यात हे, तिथे आकडा पोचवून ओढायचं. फक्त चुकायचं नाही, आणि तेही लगेच. कारण मागे वळून पाहिलं तर घराचा नुसता उंबरठा आणि चौकट उरली होती. तीही गेली की हे बाहेर येऊन राहणार कुठे?

मी हाक मारली, "अहो!"

दोन्ही भोकांतून आलं, "ओ!"

सुभद्रानं हाक मारली, "भाऊ!"

दोन्हीकडून, "ओ!"

"वहिनी, नावानं हाक मारा. अळीला काय माहीत यांचं नाव?"

"शहाणीच आहेस! सव्वीस वर्षांत नाही मारली, ती आता झाडापुढे मारू?" सासूबाई गेल्यापासून यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

"मग उखाणा घ्या!"

अगं बाई, हे मला कसं सुचलं नाही! मी डोक्यावर पदर घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं,

"अळीनं पोखरलं आंब्याचं खोड,
दिगंबररावांचं नाव घेते, चहा केलाय गोड!"

उजव्या भोकातून तत्काळ उत्तर आलं, "ओ! आलो, आलो!"

डावं भोक गप्प.

"सापडली!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. डाव्या भोकात मी रॉकेलचा बोळा खुपसला, वर तीन मुठी चिखल थापला, तळहातानं चांगला दाबला. मग उजवीकडची तार ताणली. ती लगेच जड झाली.

"ओढा वहिनी, ओढा!"

हातभर तार बाहेर आली की मागे हातभर घर परत येत होतं. स्वयंपाकघर आलं. माजघर आलं. मी हसत होते, रडत होते, ओढत होते. भोकाच्या तोंडाशी बोटं दिसली. पांढरी, मऊ.

"चार दिवस ऊन नाही ना लागलं," सुभद्रा म्हणाली.

बोटांनी माझं मनगट घट्ट धरलं. आणि मला आठवलं, लग्नात मी नाव घेतलं तेव्हा सगळा मांडव "काय हो, ऐकलं का?" म्हणून ओरडत होता, आणि हे मान खाली घालून गप्प बसले होते.

चिखलाच्या मागून कुणीतरी हळूच, लाजून हसलं.