कानसेनची जपानी गाडी

“बघ, आता कशी लोण्यासारखी चालतेय!” बाबा म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. फळीवरचा खिळ्यांचा डबा थरथरत कडेपर्यंत आला होता. तो पडायच्या आत मी झेलला.

घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची गाडी उभी होती. दोन दारांची, लांब नाकाची जपानी स्पोर्ट्स कार, वयानं आईबाबांच्या लग्नापेक्षाही मोठी. आणि ती लोण्यासारखी अजिबात चालत नव्हती. ती खवळली होती. शेजारच्या काकूंनी त्यांची खिडकी धाडकन लावून घेतली. मी दचकले. बाबांनी मानसुद्धा वळवली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं म्हणजे तो सहा महिन्यांपूर्वीच पडायला हवा होता. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, फोन नेहमी आईच उचलत होती आणि जेवताना “काय?” हा शब्द भाजीपेक्षा जास्त वेळा वाढला जात होता. पण घरातल्या माणसाचं घरातल्यांनाच शेवटी कळतं.

माझे बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. डेपोत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे ‘कानसेन’ म्हणत. बस फाटकातून आत शिरता शिरता हे पाठमोरे उभे राहून सांगायचे, “हिचा तिसरा इंजेक्टर बघा,” आणि तिसराच निघायचा. ड्रायव्हर लोक पैजा लावायचे. पैज हरणाऱ्यानं चहा पाजायचा. बाबांनी तीस वर्षांत स्वतःचा चहा क्वचितच विकत घेतला असेल.

गाडी घरी आली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिला गाडी म्हणणं म्हणजे पिठाच्या गोणीला पोळी म्हणण्यासारखं होतं. एक गंजका सांगाडा आणि चार खोकी. माझा पाय तिच्या तळाच्या पत्र्यातून आरपार गेला होता, त्याचा व्रण अजून आहे आणि मी तो मैत्रिणींना अभिमानानं दाखवते. पुढची अकरा वर्षं बाबा कामावरून आले की अंघोळीआधी तासभर शेडमध्ये. कुजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, घासायचा, पुन्हा घासायचा. आई शाळेचे गणवेश शिवते. तिनं त्याच मशीनवर गाडीच्या सीटा शिवल्या, तीन सुया मोडून. माझी बढतीही रीतसर झाली. आधी उजेडासाठी बॅटरी धरणारी, मग स्क्रू डब्यात टाकणारी, मग पॉलिश पेपर घासणारी. ‘टाकणारी’ ते ‘घासणारी’ व्हायला मला चार वर्षं लागली.

आता सगळं झालं होतं. रविवारी डेपोची मंडळी गाडी बघायला येणार होती. बघायला कसली, ऐकायला. राहिले होते फक्त कार्बोरेटर.

या इंजिनाला दोन कार्बोरेटर आहेत, हवेत पेट्रोल मिसळून देणारी जुळी भावंडं. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. ते मोजायला उपकरणं मिळतात, पण बाबांची रीत म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. हवा आत जाताना फुस्स असा बारीक आवाज येतो. तो नीट ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा, मग दुसऱ्याचा तसाच जुळवायचा.

बाबांनी तेच केलं होतं. फुस्स ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवला होता. ऐकू यायलाच इतका वेळ लागला, की तोवर दोन्ही तोंडं जांभई दिल्यासारखी उघडली होती.

“तू सांग त्यांना,” मी स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाले.

“मी सांगितलं तर म्हणतील, तुला शिवणयंत्रापलीकडे काय कळतं.” आई दोऱ्याचं टोक दातानं तोडत होती. “डॉक्टरकडे चला म्हणून तीनदा म्हटलं. तीनदा ऐकू आलं नाही.”

“खरंच ऐकू आलं नाही, की...”

“तेच तर कळत नाही ना गं.”

“मग रविवारी? फोरमनकाका येणार. त्यांना एका मिनिटात कळेल. सगळ्यांसमोर कळेल!”

आईनं शिवण खाली ठेवली. “एरवी तर तुझी जीभ कात्रीसारखी चालते. सांग की तूच.”

हे मात्र खरं होतं. वर्षभरापूर्वी मी वर्गात हजेरीसुद्धा हळूच देत असे. मग बाईंनी बळेबळे वादविवाद स्पर्धेत उभं केलं, मी जिंकले, आणि तेव्हापासून मला थांबवणं कोणाला जमलेलं नाही. मुद्दा, पुरावा, विजय. मी शेडकडे निघाले ती याच तोऱ्यात.

“बाबा, इंजिन फार वेगात फिरतंय!” मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडले.

“छे! ऐक की. श्वास कसा मोकळा झालाय तिचा.”

“स्क्रू जास्त उघडलाय तुम्ही!”

“कार्बोरेटर मी लावायचे का तू? तीस वर्षं काय डेपोत गवत उपटलं मी?” ते हसतच म्हणाले, पण हसू तोंडापुरतंच होतं.

मग मी म्हटलं, ठीक आहे, पुन्हा एकदा ऐका, मी नळी धरते. त्यांनी नळीचं टोक कानात घातलं आणि सवयीनं डोळे मिटले. मी दुसरं टोक पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. आणि मधोमध नळी दुमडून मुठीत घट्ट आवळली. त्या नळीतून मुंगीचा श्वाससुद्धा जाणं शक्य नव्हतं.

“हं,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “सुरेख. आता मागचा.”

मी मागच्याशी धरली. मूठ तशीच.

“अगदी सारखा. बघ, सांगत होतो ना?”

त्यांनी डोळे उघडले. माझी मूठ दिसली. नळीचा दुमडलेला भाग माझ्या बोटांमधून बाहेर आला होता.

स्पर्धेत असा मुद्दा मांडला असता तर टाळ्या पडल्या असत्या. इथे बाबांनी गाडीच्या खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, सरळ केली, फडक्यानं पुसली आणि खुंटीला अडकवली. मग साबण घेऊन नळाखाली हात धुवत बसले. ते हात धुणं संपेचना.

मी “बाबा, मला तसं...” म्हणाले. ते पाठमोरे होते. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. तेच तर कळत नाही.

गुरुवारी ते शेडमध्ये गेले नाहीत. शुक्रवारी गेले नाहीत. स्पर्धा जिंकल्यापासून पहिल्यांदाच मी शाळेत दोन दिवस गप्प बसले. बाईंनी ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी सकाळी मी दप्तर आवरत होते, तेव्हा बाबा दारात आले. हातात नळी.

“चल.”

शेडमध्ये त्यांनी इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं. मग दोन्ही स्क्रू पार मागे घेतले. इंजिन धापा टाकू लागलं. त्यांनी नळीचं टोक स्वतःच्या हातानं माझ्या कानात बसवलं, लहानपणी टोपी घालायचे तसं, जरा जास्तच जोरात.

“काय ऐकू येतं?”

“फुस्स!”

“कसला फुस्स? फुस्सलाही जात असते. जाड? बारीक? फाटका?”

मी ऐकलं. खरं सांगते, इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मला फक्त बोलता येत होतं.

“बारीक. शिट्टीसारखा. शिट्टी अजून वाजली नाहीये, पण वाजेल असं वाटतंय.”

बाबांनी माझ्या ओठांकडे बघत ते वाचलं. स्क्रू केसभर फिरवला. “आता?”

“आता जाड. चादर ओढल्यासारखा.”

“मागचा सांग.”

“मागचा अजून शिट्टीच.”

“त्यालाही चादर द्यावी लागेल म्हणजे.” पुन्हा केसभर.

दोन तास असे गेले. कान माझे, हात त्यांचे. मी दोनदा चुकले. एकदा घाईत “झालं!” म्हणाले, तर ते म्हणाले, “तुला व्हायला हवंय म्हणून झालं, की खरंच झालं?” मी पुन्हा ऐकलं. नव्हतं झालं. शेवटी दोन्हीकडचा आवाज असा आला, की डोळे मिटले तर पुढचा कुठला नि मागचा कुठला सांगता येईना. मी अंगठा वर केला. बाबांनी पान्यानं नट आवळले आणि मला म्हणाले, “जा, अंघोळ कर. पेट्रोलच्या टाकीसारखा वास मारतोय.” मी माफी मागायचं ठरवून आले होते. ते राहूनच गेलं.

रविवारी सहा जण आले. पुढे फोरमनकाका. मागे ‘ढेरपोट्या’ म्हणून प्रसिद्ध असलेले ड्रायव्हरकाका, जे गाडीत शिरायचा प्रयत्न करून अर्ध्यात अडकले आणि चौघांनी ओढून बाहेर काढले. आईच्या शिवणीचं कौतुक झालं, माझ्या पायाच्या व्रणाचंही झालं. मग बाबांनी बॉनेट उघडलं आणि इंजिन सुरू केलं. सगळे एकदम गप्प झाले. देवळात होतात तसे नव्हे. परीक्षक होतात तसे.

फोरमनकाका कान पुढे करून वाकले. बराच वेळ ऐकलं. मग इंजिनाकडेच बघत म्हणाले, “कानसेन, नळीनं लावलेस की मशीननं?”

बाबांना ते ऐकू गेलं नाही. ते कौतुकानं इंजिनाकडे बघत होते. फोरमनकाकांनी मान वर केली. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. बाबांच्या खांद्याला हात लावला, प्रश्न त्यांना समोरून पुन्हा सांगितला.

बाबा सगळ्यांकडे वळले. “नळीनं. पण मी नाही, हिनं. मला आता तो आवाज येत नाही.”

ड्रायव्हरकाकांनी घसा खाकरला. “माझा डावा डोळा गेलाय,” ते म्हणाले. “सहा महिने झाले. बायकोला सांगितलं नाही अजून.”

“माझे गुडघे,” फोरमनकाका म्हणाले.

“तुझे गुडघे होते कधी?” मागून कोणीतरी म्हणालं. मग सगळे हसले, बाबाही हसले, बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा.

चहासाठी आईनं हाक मारली, तशी मंडळी आत गेली. इंजिन मागे तसंच संथ लयीत चालू होतं. बाबा थांबले. थरथर लागते का बघायला त्यांनी डावा तळवा पुढच्या मडगार्डवर ठेवला. उचलला. जरा पलीकडे, बॉनेटच्या कडेजवळ ठेवला. तिथूनही उचलला.

मग माझ्याकडे बघितलं.

“चालू आहे ना गं?”

मी मान हलवली. त्यांनी फडकं घेतलं, तळव्याचे दोन ठसे पुसले, आणि बॉनेट दोन्ही हातांनी धरून हळूच खाली घेतलं.