वासूच्या जिपेतली खडखड

"मामा, आवाज गाडीत न्हाई, तुमच्या कानात हाय!" रामनगरच्या गॅरेजात अनिकेत हात पुसत म्हणाला आणि वासूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणणारा कोण, तर कालपरवापर्यंत पंक्चरी काढणारा पोरगा! आणि शेजारी उभा कोण, तर वासूचा सख्खा मुलगा सूरज, गोव्याहून सुट्टी काढून आलेला. तो हसला नाही हे खरं, पण बापाच्या बाजूनं एक शब्दही बोलला नाही. वासूला तेच जास्त झोंबलं.

दोन महिने झाले होते या छळाला. जिपेत कुठंतरी खडखड व्हायची. खड्डा आला की खाड्, उतार लागला की खड्खड्खड्. वासूनं बावीस वर्षं ती जीप कुंभारवाड्याकडच्या वाड्यांतून रामनगरला हाकली होती. तिची नस न् नस त्याला ठाऊक. पण ही खडखड काही सापडेना. अनिकेतनं आधी बुश बदलले, मग शॉकअप बदलले, मग सायलेन्सरची पट्टी बदलली. दर वेळी वासूच्या शेजारी ऐटीत बसून चक्कर मारायचा आणि दर वेळी जीप अशी गप्प, जणू कधी वाजलीच नाही. गॅरेजातून निघून वासू एकटा चार मैल गेला की पुन्हा खड्खड्खड्! बसणाऱ्यांना विचारावं तर एक म्हणायचा वाजते, दुसरा म्हणायचा, "मी परवा आल्तो तवा तर न्हाई वाजली बाबा."

शेवटी त्या शहाण्या अनिकेतनं परस्पर सूरजला फोन केला. म्हणे, तुझ्या बाला नाही ते ऐकू येतंय, उद्या ट्रकचा हॉर्न ऐकू नाही आला तर? झालं! सूरजनं खानापूरचं गिऱ्हाईक ठरवूनही टाकलं. शुक्रवारी येऊन जीप घेऊन जाणार. वासूनं आकांडतांडव केलं तेव्हा एवढं कबूल झालं की अनिकेतनं आज शेवटचं बघायचं. आवाज निघाला तर जीप राहील, नाही निघाला तर जाईल. अनिकेत वासूच्या शेजारी बसला, सूरज मागं बसला, जीप चांगल्या दोन चकरा हिंडवली, आणि कसला आवाज न् कसलं काय.

परतीच्या वाटेला सूरज पुढं बापाशेजारी बसला. मागं त्याची आई काशी बाजाराची पिशवी धरून बसली होती.

"ऐका की आता. हाय काय आवाज?" सूरज म्हणाला.

"न्हाई."

"मग? आता घरी बसा निवांत. मी पैसं धाडतो न्हवं?"

"तुझं पैसं घालून वाडीतली माणसं दवाखान्यात पोचणार हायत काय रं?" वासू खेकसला. पण खरं सांगायचं तर आतून त्याचा धीर सुटत चालला होता. कान टवकारून तो ऐकत होता. इंजीन ऐकू येत होतं, टायर ऐकू येत होते, काशीच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. खडखड तेवढी नव्हती. खरंच डोक्यातच काही बिघडलं असेल तर? एवढ्या वळणांवर, एवढी माणसं भरून? त्याला पहिल्यांदाच भीती वाटली आणि त्या भीतीचाच भयंकर राग आला.

वाटेत जोयड्याला वाडीतला कान्हू चढला. चढता चढता त्यानं पुढं डोकावलं.

"काय रं सूरज, आजारी हायस?"

"न्हाई की मामा."

"मग पुढं कशाला बसलाईस? चल, मागं ये!"

सूरजनं कपाळाला हात लावला. गोव्यातल्या सहा वर्षांत तो हे विसरूनच गेला होता, आणि वासूला आज त्या आवाजापुढं भानच नव्हतं. ती सीट आजाऱ्याची. जीप यायच्या आधी वाडीतल्या आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून जोयड्यापर्यंत खांद्यावर आणावं लागायचं. वासूनं जीप घेतली त्याच दिवशी सांगून टाकलं होतं की पुढची सीट मोकळी राहणार. रानातल्या कुठल्या वळणावर कोण तापानं फणफणलेला, कोण दिवस भरलेली उभी असेल, सांगता येत नाही. तेव्हापासून मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतील, पण धडधाकट माणूस पुढं बसणार नाही. रामनगरच्या अनिकेतला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

"आता कोण आजारी हाय? रिकामीच जाणार की!" सूरज कुरकुरला.

"जाऊ दे रिकामी," काशी म्हणाली. "तू ये हिकडं."

तोंड वाकडं करत सूरज मागं येऊन बसला. जीप निघाली. पहिलाच खड्डा आला, खाड्! उतार लागला, खड्खड्खड्खड्!

वासूनं आरशात पाहिलं. सूरजचा चेहरा पडला होता.

"ऐकू येतंय?" वासूनं विचारलं.

सूरजनं नजर रस्त्याकडं वळवली.

"अरे बोल की! का तुझंबी कान गेलं?"

"येतंय," सूरज हळूच म्हणाला.

वासूनं करकचून ब्रेक मारला. "कान्हू, पुढं बस."

"मी? मला काय धाड भरलीया?"

"बस म्हणतो न्हवं!"

कान्हू अवघडून, देवाच्या पाटावर बसवल्यासारखा बसला. जीप चालली, चिडीचूप. कान्हू उतरून मागं गेला, पुन्हा खड्खड्खड्. मग वासू खाली उतरला, सीटखाली हात घातला आणि सीटचा सांगाडा हलवून बघितला. मागच्या पायाचा नट कधीच गळून पडला होता. माणूस बसला की पाय दबून गप्प, सीट मोकळी असली की पत्र्यावर नाचायचा.

"एक नट!" वासू रस्त्यावर उभा राहून ओरडला. "शॉकअप बदलतो भडवा, बुश बदलतो, आणि बसतो कुठं तर त्याच नटावर! आणि वर मला बहिरा ठरवतो! तो परका, त्याचं सोड. तू रं? पोटचा पोरगा तू! माझ्या कानावर इस्वास न्हाई ठेवलास, त्याच्या ढुंगणावर ठेवलास!"

कान्हूला हसू आलं, पण काशीनं डोळे वटारले.

"मला भ्या वाटत होतं बाबा," सूरज म्हणाला. "रातीला फोन वाजला की छातीत धस्स व्हतं."

"मग मला इचारायचं हुतंस! माझ्या शेजारी बसून इचारायचं! परस्पर गिऱ्हाईक बघतोस? लाव त्याला फोन. आत्ता."

"रेंज न्हाई हितं."

वासूनं सगळ्यांना जिपेत कोंबलं, खडखडत घाटीवर आणलं, रेंज येते त्या चढावर जीप उभी केली आणि इंजीन बंद केलं. सूरजनं फोन लावला.

"हां, जिपेचं बोलतोय," तो म्हणाला. "शुक्रवारी येऊ नका. इकायची न्हाई."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सूरजनं बापाकडं बघितलं.

"न्हाई, न्हाई, गाडी चांगली हाय," तो म्हणाला. "माझे वडील चालिवत्यात ती."