डाव्या कोपऱ्यातली खाच

पडदे मी पहिल्या दिवसापासून खांद्यावरच्या पिशवीत घेऊन फिरत होते. भाची म्हणाली, मावशी, घरी ठेव ना, उगाच ओझं कशाला. पण मला माझा लेक ठाऊक. तो कधी म्हणेल, चल आत्ता खोलीवर, आणि तेव्हा पडदे हिच्या कपाटात पडलेले असतील, तर माझाच मला राग येईल. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमचे हे म्हणतात. त्यांचा कुठे असतो ते मी कधी विचारलेलं नाही.

पडदे शिवणं हे माझं काम. मालकीणबाईंच्या दुकानात इतकी वर्षं मशीनवर बसले, की कुणाच्या घरी गेले तरी मी आधी खिडक्यांकडे बघते, माणसांकडे नंतर. आमच्या कामाचा एक कडक नियम आहे. माप ऐकीव घ्यायचं नाही, स्वतः जाऊन घ्यायचं. लोक आपल्याच घरच्या खिडकीबद्दल काय वाट्टेल ते सांगतात. पण लेक राहणार समुद्रापलीकडे, तिथे टेप घेऊन कोण जाणार? मग मी फोनवर भुणभुण लावली, माप दे, माप दे. तो टाळत राहिला. शेवटी एका दुपारी त्यानं दिलं. खिडकी अरुंद आणि उंचच्या उंच. खाली डाव्या कोपऱ्यात गरम पाण्याचा पाइप वर येतो, तिथे पडदा अडेल, तेवढी खाच ठेव, असंही सांगितलं.

मालकीणबाई माप बघून हसल्या. "अहो, ही खिडकी आहे की जिराफासाठी केलेलं दार?" मीही हसले, पण मनातून मला बरं वाटलं. ज्या पोराला स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत नाही, त्याच्या लक्षात पाइप राहिला. म्हणजे खोलीत त्याचा जीव रमलाय, असं मी धरलं. थंडीचा मुलूख म्हणून आतून जाड अस्तर लावलं आणि खाचेला दुहेरी शिलाई घातली.

त्याचं आणि ह्यांचं वाजलं होतं, तेही सांगायला हवं. तो निघाला तेव्हा हे सगळ्यांदेखत म्हणाले होते, चार दिवसांत शेपूट घालून परत येशील. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. बाप माझ्याकरवी विचारणार, लेक माझ्याकरवी सांगणार, आणि मी मधल्यामध्ये टपालखातं. पण मला विमानतळावर सोडताना ह्यांचा आवाज बदलला होता. म्हणाले, "त्याची खोली डोळ्यांनी बघून ये. नीट राहत असेल तर मी स्वतः बोलेन त्याच्याशी. नसेल तर कान धरून घेऊन ये."

तर मला फक्त ती खोली बघायची होती. भाचीकडे उतरले, कारण लेकाचा घरमालक म्हणे पाहुण्यांना मुक्काम करू देत नाही. कामावर रजा नाही म्हणून रोज संध्याकाळी तो तेवढा उभ्या उभ्या भेटून जायचा. लहानपणी असा गुटगुटीत की आम्ही त्याला भोपळ्याच म्हणायचो. आता भोपळ्याचा नुसता देठ उरला होता. मी बोलले, तर म्हणाला, इथे सगळे चालतात ग आई, म्हणून बारीक होतात.

शेवटच्या दिवशी मात्र तो सकाळीच आला. म्हणाला, चल, तुला शहर दाखवतो, पण पाहुण्यांसारखं नाही. इथला माणूस बघतो तसं, आणि जवळजवळ फुकट. पाहुण्यांसाठी उघड्या टपाची बस असते. त्याच रस्त्यानं साधी बसही जाते, तिच्यात वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरायची. नदीवर फिरायच्या बोटीला भरमसाट तिकीट, पण कामाला जाणाऱ्यांची बोट तेच पूल दाखवते आणि तिला बसचाच पास चालतो. बोटीत माझ्या एका बाजूला डोकं झाकलेल्या दोघी बहिणी, दुसऱ्या बाजूला रंगानं माखलेले कपडे घातलेला रंगारी, समोर एक आजोबा कुठल्याशा भाषेत नातीला रागावत होते. भाषा कळली नाही, पण रागावणं सगळं कळलं.

पोरगं शहरात असं फिरत होतं की मी बघतच राहिले. एका गल्लीत पाट्या उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या, पुढच्या गल्लीत निराळीच अक्षरं, आणि हा दोन्हीकडे ओळखीचा. फळवालीला तिच्या भाषेत काही म्हणाला, तिनं दबलेल्या नासपतींची पिशवी पुढे केली. संग्रहालयाच्या पहारेकऱ्यानं आमची पिशवी न तपासता हसून आत सोडलं. स्वच्छ संडास कुठे, प्यायचं पाणी कुठे, कोणत्या दुकानाच्या दारात खालून गरम हवा येते, हे सगळं त्याला तोंडपाठ. दुपारी एका प्रार्थनास्थळाच्या मागच्या दारानं नेलं. तिथे येईल त्याला जेवण. लांब बाकांवर सगळ्या रंगांची माणसं बसली होती. वाढणाऱ्या म्हातारीनं न विचारता त्याच्या ताटात दोनदा वाढलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून खुणेनं विचारलं, खोकला कसा आहे?

मला काय वाटलं असेल सांगा. परक्या मुलखात माझ्या पोराला कुणीतरी माया लावतंय, म्हणून माझा ऊर भरून आला. त्याला खोकला आहे हे मला माहीत नव्हतं, एवढं तेवढं खुपलं.

पण खोलीचं नाव काढलं की तो ताकास तूर लागू देईना. सकाळी म्हणाला, रंग दिलाय, ओला आहे. दुपारी म्हणाला, मालकाचे पाहुणे उतरलेत. माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "ओल्या रंगाला टेकून बसलेत का पाहुणे? कोण बाई आहे का तिथे? असली तर असू दे. मी काही खाणार नाही तिला."

तो हसला, पण नुसत्या ओठांनी. म्हणाला, संध्याकाळी बघू.

चार वाजायच्या सुमारास वारा सुटला. माझे पाय बोलायला लागले होते. समोर मोठं जुनं वाचनालय दिसलं, लोक आत जात होते, कुणी तिकीट विचारत नव्हतं. मी म्हटलं, इथे जरा टेकू. तर हा दिवसभरात पहिल्यांदा नको म्हणाला. तिथे बोलता येत नाही, आई, पुढे एक बाग आहे, तिकडे जाऊ. अशा वाऱ्यात बाग? मी त्याचं काही न ऐकता दार ढकललं.

टेबलामागच्या बाईनं त्याला पाहिलं, मान डोलावली आणि बोटानं वरचा मजला दाखवला. म्हणजे, तुझी जागा रिकामी आहे. मला वाटलं, वाचायला येत असेल. शाळेत पुस्तक म्हटलं की ह्याच्या पोटात दुखायचं, आता अक्कल आली. मी जिना चढले. तो मागे रेंगाळला.

वर भिंतीला लागून एकच खुर्ची होती आणि तिच्यामागे खिडकी. सवयीनं आधी मी खिडकीच बघितली. अरुंद आणि उंचच्या उंच. माझी नजर आपोआप खाली उतरली. डाव्या कोपऱ्यातून पाइप वर येत होता.

मी पिशवी खाली ठेवली. एक पडदा काढला आणि तिथेच खिडकीला लावून धरला. रुंदी बरोबर बसली. वाकून खाच पाइपाला लावली. ती पाइपाभोवती अशी बसली, की दुकानात मालकीणबाईंनी माझी पाठ थोपटली असती. मी तशीच वाकून राहिले.

सगळा दिवस माझ्या डोळ्यांपुढून उलटा गेला. गरम हवेचं दार, पाणी, संडास, म्हातारीचं दोनदा वाढणं. असं शहर कुणाला पाठ होतं? ज्याला दार लावून आत बसायला जागा नाही, त्याला. आणि मी दिवसभर कौतुकानं मिरवत होते.

तो मागे येऊन उभा राहिला होता. मी विचारलं, "कधीपासून?"

"थंडी सुरू व्हायच्या आधीपासून," तो हळूच म्हणाला. "कंपनी बंद पडली, मग खोली गेली. तू सारखी माप मागत होतीस. मी दिवसभर इथेच बसतो, तर ह्याच खिडकीचं दिलं."

"आणि रात्री?"

"त्या जेवणाच्या ठिकाणी झोपू देतात, जागा असली तर."

नसली तर काय, हे मी विचारलं नाही. कान धरून आण, असं ह्यांनी सांगितलं होतं. मी त्याच्या कानाकडे हात नेला, तो गालावरच थांबला. गाल थंडगार होता.

मी म्हटलं, चल घरी. उद्याच्या विमानात नाही तर परवाच्या, पण चल. माझ्या बांगड्या आहेत अजून. तो मान हलवत राहिला. मग भाचीकडे तरी राहा, म्हटलं. तर म्हणाला, तिकडे गेलो की बाबांना कळणारच. मी चिडले, रडले, एवढा ताठा कुणाच्या घरून आणलास म्हणून विचारलं, आणि उत्तर मलाच माहीत होतं.

"आई, असा आलो तर बाबांचं म्हणणं खरं होईल," तो म्हणाला. "मग जन्मभर त्यांच्यासमोर मान खालीच. मला येऊ दे, पण काहीतरी होऊन येऊ दे."

मी भांडले असते, पण त्याला खोकल्याची उबळ आली. लोक वळून बघायला लागले, आणि तो लाजून तोंड झाकू लागला. स्वतःच्या खोकल्याला लाजणारं माझं पोर. मी दुसरा पडदाही काढला. दोन्ही एकावर एक, अस्तर आतल्या बाजूला करून त्याच्या खांद्यांवरून गुंडाळले. पडदा उंच होता, त्याच्या पावलांपर्यंत आला. मी म्हटलं, "जाड आहे. थंडी लागणार नाही." आणखी काय बोलणार?

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. हेच. आम्ही जिन्यात जाऊन बसलो. हे दुसरं काही विचारेनातच.

"बघितलीस खोली?"

लेक माझ्याकडे बघत होता. लहानपणी प्रगतिपुस्तक माझ्या हातात देऊन असाच बघायचा. खरं बोलले असते, तर हे गप्प बसले असते आणि ते गप्प बसणं पुन्हा कधी संपलं नसतं. घरी तर तो येणारच नव्हता. एवढंच माझ्या हातात होतं.

"बघितली," मी म्हटलं. "खिडकी मोठी आहे. वरच्या मजल्यावर, शांत आहे. आसपासची माणसं जीव लावतात त्याला."

"पडदे?"

"बसले."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला. "दे त्याच्याकडे."

मी फोन पुढे केला. त्यानं पडद्याच्या आतून हात बाहेर काढला आणि फोन कानाला लावला. हे काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. पण बरंच बोलत होते, एवढ्या दिवसांचं साठलेलं. पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र त्यानं कुठेही हलू दिला नाही. दुसऱ्या हाताचं बोट त्यानं पडद्याच्या खाचेत घातलं होतं आणि शिलाईवरून फिरवत होता.

"हो बाबा," तो म्हणाला. "आईनं अगदी मापात शिवलेत."