टाकीत वीस फूट पाणी

टोकावड्याच्या ज्ञानेश्वरांच्या मळ्यात भेंडी होती आणि तिला पाणी द्यायचं काम त्यांच्या मुलीच्या प्रोग्रामकडे होतं. दर्शना घरून एका कंपनीचं कोडिंग करायची. बापाला मोटर चालू करायला सारखं धावावं लागू नये म्हणून तिने फावल्या वेळात हे बसवलं होतं. टाकीत फूटभर पाणी उरलं की मोटर सुरू, आणि टाकीतून ठिबकने भेंडीला.

दर्शनाच्या मामाच्या घरी लग्न होतं म्हणून दोघं आठवडाभर शहापूरला गेली. निघण्याआधी दर्शनाने टाकीचा बिघडलेला सेन्सर बदलला. परत आली तर ठिबक बंद, भेंडीने माना टाकलेल्या, सरीत कळ्यांचा सडा.

ज्ञानेश्वरांनी हाताने मोटर लावली. संध्याकाळी शेजारच्या बुधूने विचारलं तेव्हा म्हणाले, "मोटर जळली रे."

सकाळी बुधू टेम्पो घेऊन हजर. "चल, मुरबाडला वायंडिंग भरायला टाकू." मोटर तर घरघरत होती. बुधू कधी मोटरीकडे बघे, कधी ज्ञानेश्वरांकडे.

"काका, मोटर चांगली आहे," दर्शना म्हणाली. "माझा प्रोग्राम चुकला. बाबा माझी चूक झाकतायत."

"मग काय चारचौघांत पोरीचं नाव सांगू?" ज्ञानेश्वर पुटपुटले.

बुधू हसला आणि चहा पिऊन गेला.

चूक दर्शनाला सापडली होती. ठिबकची नळी टाकीत जरा वर बसवलेली, त्यामुळे तळाला वीस सेंटिमीटर पाणी उरलं होतं. जुना सेन्सर फुटांत मोजायचा, नवा सेंटिमीटरमध्ये; तो सांगे वीस, आणि प्रोग्राम समजे वीस फूट.

"आपली टाकी पाच फुटांची गो," ज्ञानेश्वर म्हणाले.

"त्याला कुठे माहीत? त्याला नुसता आकडा दिसतो."

दुपारी ती कामाला बसली, ज्ञानेश्वर शेजारी खुर्ची ओढून. कोडमध्ये प्रत्येक आकड्याच्या नावापुढे तिने त्याचं माप लिहिलं: पातळी फुटांत, वेळ मिनिटांत. सेन्सरचा आकडाही आता आपलं माप सोबत घेऊनच येणार होता. मग प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेका कामाच्या तुकड्याच्या, डोक्यावर एक ओळ चढवली.

"याला डेकोरेटर म्हणतात. फंक्शनच्या दारात उभा राहून हा मापं तपासणार. सेंटिमीटर आले तर फूट करून आत सोडेल."

"आन् पातळीच्या जागी कोनी मिनिटं दिली तं?"

दर्शनाने देऊन बघितली. प्रोग्राम तिथेच थांबला. पडद्यावर तिनेच लिहिलेलं वाक्य उमटलं: इथे लांबी हवी, वेळ आली आहे.

ज्ञानेश्वरांनी ते मोठ्याने वाचलं. "बरोबर बोलतंय," म्हणाले. "परत दे."

तिने परत दिली. त्यांनी परत वाचलं.

टाकी उतरायला दोन दिवस गेले. दोघं पंपाच्या खोलीबाहेर उन्हात बसून होती. पाणी फुटाखाली गेलं आणि मोटर आपोआप सुरू झाली. ज्ञानेश्वर उठले, ठिबकच्या नळीला हात लावत सरीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथून त्यांनी हाक मारली, "दर्शू, ये. हितं नवी कळी धरलीय."