ओवेनची सीट

सीट घट्ट बसली होती. आसावरीने दोन्ही हात गाडीच्या सांगाड्यात घालून ती जरा तिरकी केली, तेव्हा कुठे ती सुटून वर आली. काळ्या टेपने गुंडाळलेला फोमचा एक मोठा तुकडा, आणि त्यात एका माणसाच्या पाठीचा, खांद्यांचा खोलगट आकार. तिने ती ओल्या फडक्याने पुसली आणि स्वच्छ चादरीत गुंडाळून टेबलावर ठेवली. ओवेनच्या आई दुपारी येणार होत्या.

कार्डिफच्या विद्यापीठातल्या त्यांच्या टीमने वर्षभर खपून ही छोटी रेसकार बांधली होती, आणि ओवेन ती जुलैतल्या स्पर्धेत चालवणार होता. एप्रिलमध्ये सायकलवरून वर्कशॉपला येताना त्याला एका व्हॅनने उडवलं. फ्युनरलला सगळी टीम रडली. आसावरी रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती येऊन ब्रॅकेटच्या कडा घासत बसली. पुण्याहून आई फोनवर काळजीने विचारायची, तेव्हा ती म्हणायची, काम खूप आहे. ते खरंही होतं. कोण काय बोलतंय ते तिला ऐकू यायचं, उत्तरंही ती नीट द्यायची. पण खोलीतून बाहेर पडली की त्यातलं काहीच तिच्यापाशी उरायचं नाही.

आता गाडी अन्वी चालवणार होती. लंडनजवळ क्रॉयडनला जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं बोलणारी, पहिल्या वर्षातली, अंगाने बारीक. ओवेनच्या सीटमध्ये ती वळणावर इकडून तिकडे घसरायची. नवी सीट ओतायला हवी, असं टीम लीडर देवने आडून सुचवून पाहिलं होतं. त्याची आई येऊन जाऊ दे, एवढंच आसावरी म्हणाली. सीट त्यांनाच द्यायची, हे तिने मनाशी ठरवलंच होतं. फोटो काय, कुणाकडेही असतात. ही तर त्याची पाठच होती.

ओवेनच्या आई आल्या त्या त्याचं हेल्मेट न्यायला. धाकट्या मुलाला ते हवं होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चहा घेतला, सगळ्यांची नावं विचारली. मग आसावरीने चादर उलगडली. ओवेनला बसवून त्याच्या पाठीमागे फोम कसा ओतला, तो फुगून त्याच्या अंगाचा आकार कसा घेत गेला, ते तिने प्रेझेंटेशन दिल्यासारखं सांगितलं. आईंनी खोलगट भागावर हात ठेवला. मग काढून घेतला.

"हे मी कुठे ठेवू, बाळा?"

आसावरीने चादरीचं टोक सरळ केलं.

"त्याची खोली आहे. त्याचे बूट दारातच आहेत अजून. आणखी काही नको मला." त्या उठल्या. "तुम्हाला गाडी पुरी करायची आहे ना? मग करा."

जाताना त्यांनी तिचा दंड हलकेच दाबला. देव त्यांना स्टेशनवर सोडायला गेला.

आसावरी टेबलापाशी उभी राहिली. मग तिने सीट उचलली, मागच्या दाराने बाहेर नेली आणि भंगाराच्या मोठ्या लोखंडी पेटीत ठेवली. टाकली नाही, वाकून ठेवली. परत येऊन तिने अन्वीला फोन केला.

अन्वी रेसिंग सूट घालूनच आली. आसावरीने तिला सांगाड्यात बसवलं, पाठीमागे प्लास्टिकची पिशवी नीट पसरली, दोन डब्यांतली रसायनं एकत्र ढवळली आणि पिशवीत ओतली. फोम फसफसत वर चढू लागला.

"हलू नकोस."

"आसावरी, माझा पाठ गरम होतोय."

"होते तशी. फुगताना तापतोच तो."

खांद्याजवळ पिशवी फुगून बाहेर येत होती. आसावरीने तिथे तळहात दाबून धरला. प्लास्टिकमधून ऊब आली आणि हळूहळू वाढत गेली. अन्वीच्या प्रत्येक श्वासासरशी पिशवी तळहाताखाली किंचित वर यायची, खाली जायची.

फोम कडक झाला, तशी अन्वीने पाठ जरा टेकवून पाहिली.

"झाला ना? उठू मी?"

"थांब जरा," आसावरी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

अन्वीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा समोर पाहत तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ती तशीच बसून राहिली.